बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

सामना रंगांत आला असतां टेबलापाशीं बसलेला वेळाधिकारी घड्याळ थांबवितो, तेव्हां दोन्ही संघांचे डोळे तिकडे लागतात. ज्यांनीं हा खेळ निर्माण केला त्यांच्यापाशीं असें कोणतेंही यंत्र नव्हतें, ह्याचें उस्मानपुऱ्यांतील आमच्या बालमित्रांस नवल वाटेल.

जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म कॅनडांतील आल्मॉन्ट गांवानजीक ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं झाला. बालपणींच आईबाप विषमज्वरानें गेले. मामांनीं सांभाळ केला. मध्यंतरीं शाळा सोडून त्यांनीं लांकूडतोडीचें काम केलें, परंतु पुढें पुन्हां अभ्यासास लागून १८८८ मध्यें माँट्रियल येथें पदवी मिळविली.

१८९१ च्या हिवाळ्यांत ते अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणशाळेंत शिक्षक होते. बाहेर बर्फ, आणि आंत कवायतीला विटलेले अठरा दांडगे विद्यार्थी! त्या वर्गापुढें आधींच्या शिक्षकांनीं हात टेकले होते. नवा खेळ शोधण्यास प्रमुख गुलिक ह्यांनीं नेस्मिथांस चौदा दिवसांची मुदत दिली. मुदत सरत आली तरी एकही युक्ति साधेना. अखेरीस त्यांनीं रखवालदाराजवळ दोन पेट्या मागितल्या. त्याच्यापाशीं निघाल्या पीच फळांच्या दोन टोपल्या. त्याच सज्जाच्या कठड्यास दहा फुटांवर ठोकल्या आणि चेंडू फुटबॉलचा घेतला. खर्च म्हणावा तर खिळ्यांचा! टोपलीस बूड असल्यामुळें पडलेला चेंडू वर चढून काढावा लागे.

मात्र वेळेचा विचार त्यांच्या तेरा नियमांत प्रथमपासून होता. पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्यें पांच मिनिटें विश्रांति. बाहेरचा चेंडू आंत फेकण्यास अवघे पांच सेकंद. वेळ पाहण्याचें काम पंचाकडेच असे. चोवीस सेकंदांचें घड्याळ १९५४ मध्यें, त्यांच्या मागून आलें. विजेवरील घड्याळांचा व फलकाचा भार लहान शाळांस जड जातो. अशा शाळांनीं एका साध्या घड्याळावर सामने भरविण्यांत मला तरी कमीपणा दिसत नाहीं.

ह्या खेळापासून नेस्मिथांनीं धन जोडलें नाहीं. ते वैद्यकीची परीक्षा उतरून १८९८ मध्यें कॅन्सस विद्यापीठांत गेले; तेथें त्यांच्या संघाचे विजयांपेक्षां पराभवच अधिक झाले. स्प्रिंगफील्डलाच शिकलेल्या हॅरी बक ह्यांनीं १९२० मध्यें मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय काढलें.

१९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिकांत बास्केटबॉलास प्रथम स्थान मिळालें, तेव्हां अमेरिकेंतील प्रशिक्षकांनीं वर्गणी जमवून वृद्ध नेस्मिथांस तेथें पाठविलें. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसांत झाला. चिखलांत चेंडू उसळेना. त्यांची जन्मभूमि कॅनडा व कर्मभूमि अमेरिका समोरासमोर होत्या. अमेरिकेनें तो १९ विरुद्ध ८ असा जिंकला. तीन वर्षांनीं, २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं, त्यांनीं कॅन्ससमध्यें देह ठेविला.