माथेरानचे मॅलेटसाहेब

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून एक डोंगर कोकणात एकटाच उभा आहे. त्याच्या एका अंगास कर्जत तालुक्यातील नेरळ असून दुसऱ्या अंगास खालापूर तालुक्यातील चौक हे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच असलेल्या या डोंगराचा माथा सपाट व दाट झाडीने आच्छादलेला आहे. माथ्यावरचे रान म्हणून त्याला माथेरान म्हणतात, असे लोक सांगतात.

या रानात वस्ती करण्याचे ज्यांच्या मनात आले, ते गृहस्थ म्हणजे ह्यू पॉइंट्झ मॅलेट. त्यांचे वडील सर चार्ल्स मॅलेट हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यास पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे वकील होते. मुलगाही पुढे हिंदुस्थानात नोकरीस आला व ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर झाला. कर्जत व चौक हा सारा मुलूख त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच मोडत असे.

सन १८५० च्या मे महिन्यात मॅलेटसाहेबांचा मुक्काम चौक येथे होता. उन्हाळ्याने जीव हैराण झाला होता. एके दिवशी सायंकाळी ते बंदूक घेऊन सहज फिरावयास निघाले आणि ओढ्याच्या पात्राने डोंगराच्या कड्यापर्यंत चढून गेले. ती जागा त्यांच्या मनात भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडे पाणी व भाकरतुकडा बरोबर घेऊन, चौकच्या गावप्रमुखाच्या सोबतीने त्यांनी माथा गाठला. खाली रखरखीत ऊन, तर वर गर्द सावली व गार वारा! असे स्थळ मुंबईच्या इतके जवळ असावे, याचे त्यांना मोठे नवल वाटले.

पाहून आनंद मानणारे पुष्कळ असतात. त्यासाठी खटपट करणारे थोडे. मॅलेटसाहेब नोव्हेंबरात पुन्हा वर आले, लहानशा झोपडीत राहिले व त्यांनी पायवाटा पाडविल्या. पुढच्या वर्षी त्यांनी तेथे घर बांधले. ते ‘बाइक’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांच्यामागून इतरही लोक घरे बांधू लागले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या स्थळाकडे विशेष लक्ष पुरविले आणि स्वतःसाठीही तेथे बंगला बांधविला. सन १९०७ मध्ये नेरळहून वळणे घेत चढणारी छोटी आगगाडी माथेरानला येऊन पोहोचली.

मॅलेटसाहेबांनी माथेरान शोधून काढले, असे पुस्तकांतून लिहिलेले आढळते. परंतु हा डोंगर हरवलेला कधीच नव्हता. धनगर येथे आपली गुरे चारीत. ठाकूर व कातकरी यांना इथले कंद, झरे व चोरवाटा ठाऊक होत्या. पिसरनाथ हे तर डोंगरावरचे जुने दैवत. साहेबांना वर नेणारा माणूसही याच मातीतला होता. पण त्याचे नाव मागे राहिले नाही. साहेबांचे नाव मात्र तेथील ‘मॅलेट स्प्रिंग’ या झऱ्याला मिळाले.

म्हणून मॅलेटसाहेबांचे श्रेय कमी होत नाही. वस्ती वसविण्यास लागणारी दृष्टी व चिकाटी त्यांच्या अंगी होती. मात्र ज्यांनी वाट दाखविली त्यांचेही ऋण आपण मानले पाहिजे. शिवाय वस्तीबरोबर रानावरचा भार वाढतो, हेही विसरून चालणार नाही. सन २००३ मध्ये भारत सरकारने माथेरानचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. ज्या गर्द सावलीने मॅलेटसाहेबांना मोहित केले, ती राखणे हे आता आपणा सर्वांचे काम आहे.