तेजीची चाहूल घेणारा माणूस

१९३७ सालची अखेर. महामंदीच्या खाईतून अमेरिका कुठे वर येत होती, तोच कारखान्यांची चाके पुन्हा मंदावली. नुकते कामावर परतलेले कामगार पुन्हा घरी बसले. अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थॉ यांना एका प्रश्नाने ग्रासले होते. हे मळभ हटू लागले, हे ओळखायचे कशावरून? प्रश्न गेला न्यूयॉर्कच्या नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेकडे. तिथल्या संशोधनाची धुरा होती त्रेसष्ट वर्षांच्या वेस्ली क्लेअर मिचेल यांच्याकडे. या गृहस्थांना भविष्य सांगण्याचा मुळीच सोस नव्हता.

वेस्लीचा जन्म १८७४ चा, इलिनॉय राज्यातल्या रशव्हिल गावचा. वडील डॉक्टर. यादवी युद्धात झालेल्या जखमेने ते पुढे कायम त्रस्त राहिले. नात्यातल्या एक आजी कडव्या धार्मिक होत्या. मोक्षाचा सारा आराखडा त्यांना तोंडपाठ! पोरगा त्यांच्याशी हुज्जत घाली. कितीही सुबक तर्क असला तरी तो वस्तुस्थितीशी ताडून पाहायचा, ही खोड त्याला तेव्हाच जडली.

शिकागो विद्यापीठात थॉर्स्टीन व्हेब्लेन यांच्यासारखा तऱ्हेवाईक गुरू लाभला. पुढे बर्कलीत शिकवताना मिचेल यांनी अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनी या चार देशांच्या दोन दशकांतील किमती, व्याजदर, नफा यांचे आकडे गोळा केले. १९१३ मध्ये ‘बिझनेस सायकल्स’ हा ग्रंथ आला. मंदी ही आकाशातून कोसळणारी आपत्ती नसून तेजीच्याच पोटात तिचे बीज असते, हे त्यात उलगडले होते. तेजी रंगात आली की मजुरी, कच्चा माल, व्याज हे सारे महागते, नफा आक्रसतो आणि उद्योजक हात आखडता घेतो. १९१२ मध्ये त्यांचा विवाह झाला होता लुसी स्प्रेग या शिक्षणतज्ज्ञ विदुषीशी. फावल्या वेळात मिचेल सुतारकाम करीत. मोजून-मापून, सांधा जुळेपर्यंत.

पहिल्या महायुद्धात सरकारच्या किंमत विभागाचे प्रमुख असताना देशाजवळ धड आकडेच नाहीत, हे त्यांनी अनुभवले. १९२० मध्ये ब्यूरो उभा राहिला, त्यामागे हीच तळमळ होती. हार्वर्डची एक नामांकित संस्था त्या काळी अर्थव्यवस्थेची भाकिते छापत असे. १९२९ च्या पडझडीनंतरही मोठी मंदी येणार नाही, असा तिचा होरा होता. तो साफ चुकला.

म्हणून मॉर्गेन्थॉ यांना उत्तर देताना मिचेल आणि त्यांचे सहकारी आर्थर बर्न्स यांनी भाकीत केले नाही. त्यांनी ४८७ आकडेमालिका तपासल्या, ७१ निवडल्या आणि त्यांतल्या २१ सर्वांत भरवशाच्या ठरवल्या. यादी मे १९३८ मध्ये छापून आली. कारखान्यातले कामाचे तास, बांधकामाची कंत्राटे, शेअरभाव, बुडालेल्या धंद्यांची देणी अशा गोष्टी त्यात होत्या. कारण साधे होते. मागणी वाढली म्हणून मालक लगेच नवी भरती करीत नाही, आधी आहेत त्याच माणसांचे तास वाढवतो. घर बांधून होण्याआधी त्याचे कंत्राट होते. बँकेच्या शाखेत बसलेल्यालाही हे ठाऊक असते. कर्जाची चौकशी करणारे आधी येतात, ताळेबंदात कर्ज मागाहून दिसते.

टीकाही झाली. सिद्धांताविना नुसते मोजमाप, असा ठपका १९४७ मध्ये अर्थतज्ज्ञ कूपमन्स यांनी ठेवला. पुढच्याच वर्षी मिचेल गेले. त्यांचे काम ब्यूरोतल्या जेफ्री मूर यांनी पुढे नेले. आधी वळणारे, सोबत वळणारे आणि मागून वळणारे अशी निर्देशकांची आज रूढ असलेली विभागणी त्यांच्याच कामातून पक्की झाली.

आज अनेक देशांसाठी असे निर्देशांक दरमहा निघतात. तेही फसतात. २०२२ आणि २०२३ मध्ये अमेरिकेचा निर्देशांक महिनोन् महिने घसरत होता, पण २०२३ मध्ये मंदी आली नाही. मिचेल यांना याचे नवल वाटले नसते. प्रत्येक चक्र आधीच्याहून थोडे निराळे असते, ही जाणीव त्यांच्या सगळ्या कामात होती. म्हणून त्यांनी एका खुणेवर कधी भिस्त ठेवली नाही. एकवीस ठेवल्या, आणि त्याही पुन्हा पुन्हा तपासायच्या म्हणून.