पतौडीचे थोरले नबाब आणि त्यांचे खेळ

मुलाने एकच खेळ धरावा की दोन-चार खेळावेत, हा प्रश्न आपल्या घरीही कधी ना कधी निघाला असेल. क्रिकेट खेळणारा मुलगा हॉकीची स्टिक मागू लागला की वडील म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या! तसे म्हणण्यापूर्वी मरहूम नबाब इफ्तिखार अली खान पतौडी यांची हकीकत आपण जरूर वाचावी.

१६ मार्च १९१० रोजी दिल्लीजवळच्या पतौडी या छोट्या संस्थानात त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षीच वडिलांचे छत्र हरपले. लाहोरच्या चीफ्स कॉलेजात शिकून ते ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात दाखल झाले. इंग्लंडमध्ये फ्रँक वुलीसारख्या नामांकित फलंदाजाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. तरीही त्यांनी केवळ क्रिकेटच धरले नाही. क्रिकेट, हॉकी आणि बिलियर्ड्स अशा तिन्ही खेळांत त्यांनी विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. एकाने मनगट तयार होते, दुसऱ्याने नजर, असा आमचा आपला तर्क आहे; पण या तीन खेळांनी एकमेकांचे नुकसान केले नाही, एवढे मात्र नक्की.

पुरावा हवा असेल तर १९३१ चा लॉर्ड्सवरील सामना पाहा. केंब्रिजच्या रॅटक्लिफने २०१ धावा काढून या दोन विद्यापीठांच्या सामन्यांतला नवा उच्चांक केला. लोक त्याचे कौतुक करीत होते, तोच दुसऱ्या दिवशी पतौडींनी नाबाद २३८ धावा काढल्या! रॅटक्लिफचा विक्रम जेमतेम एक दिवस टिकला. पतौडींचा २००५ पर्यंत अबाधित राहिला.

पुढच्याच वर्षी ते इंग्लंडच्या संघातून ऑस्ट्रेलियाला गेले. डिसेंबर १९३२ मध्ये सिडनीला पहिल्याच कसोटीत त्यांनी १०२ धावा केल्या. पण मित्रहो, त्या दौऱ्यातील आणखी एक गोष्ट आम्हाला या शतकाहून मोठी वाटते. कर्णधार जार्डिनने फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याचे डावपेच आखले होते आणि त्यासाठी लेग बाजूला क्षेत्ररक्षकांचे कडे उभे केले जाई. त्या कड्यात उभे राहण्यास पतौडींनी नकार दिला. दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना संघात जागा मिळाली नाही. बावीस वर्षांच्या परदेशी तरुणाने कर्णधाराला नाही म्हणणे सोपे नव्हते.

इंग्लंडकडून ते तीनच कसोटी खेळले, शेवटची १९३४ मध्ये. १९३६ साली हिंदुस्थानचे कर्णधारपद चालून आले, पण प्रकृतीच्या कारणाने ते सोडावे लागले. अखेर १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ते कर्णधार झाले. आपले विजय मर्चंट त्या संघात होते. पतौडींचा बहर मात्र ओसरला होता. पाच डावांत अवघ्या ५५ धावा. सहा कसोटींत मिळून १९९ धावा, हा हिशोब त्यांच्या गुणवत्तेला शोभणारा नाही. खेळ अनेक होते म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. ऐन उमेदीत प्रकृतीने दगा दिला आणि मधली वर्षे हातची गेली, हे खरे कारण. इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेला खेळाडू तरीही हाच एक.

ते नबाब होते, त्यांना घोडे होते, आमच्या मुलांना धड मैदानही नाही, असे आपण म्हणाल. खरे आहे. परंतु हॉकीच्या स्टिकला संस्थान लागत नाही, आणि कबड्डीला तर काहीच लागत नाही. मॅट्रिकपर्यंत तरी मुलाला दोन-तीन खेळ खेळू द्या. कोणता खेळ त्याला मानवतो ते त्याचे त्यालाच कळेल. वयाने वाढल्यावर निवड करावी लागते, ती पतौडींनीही केलीच आणि क्रिकेटला पहिली जागा दिली.

फाळणीनंतर ते भारतातच राहिले आणि परराष्ट्र खात्यात काम करू लागले. खेळाचा शौक मात्र सुटला नाही. ५ जानेवारी १९५२ रोजी दिल्लीत पोलो खेळतानाच त्यांना मृत्यूने गाठले. वय अवघे ४१. त्याच दिवशी त्यांचे चिरंजीव मन्सूर अली यांचा अकरावा वाढदिवस होता. हा मुलगा पुढे इंग्लंडमधील शाळेत क्रिकेटबरोबर रॅकेट्सही खेळला, १९६१ च्या मोटार अपघातात एका डोळ्याची दृष्टी गमावून बसला आणि १९६२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, भारताचा कर्णधार झाला.