काळकर्ते शिवरामपंत परांजपे

लोकमान्यांचे नाव ठाऊक नाही अशी स्त्री पुण्यात सापडायची नाही. आगरकरांचेही नाव आपण स्त्रिया कृतज्ञतेने घेतो. परंतु याच शहरात लेखणी चालवून तुरुंगात गेलेल्या शिवराम महादेव परांजपे यांचे नाव आता फारसे कानी पडत नाही. एके काळी त्यांना सारा महाराष्ट्र ‘काळकर्ते’ म्हणून ओळखत असे. आपल्या तरुण भगिनींना त्यांची ओळख व्हावी एवढ्यासाठी हा लहानसा लेख मी लिहीत आहे.

शिवरामपंतांचा जन्म २७ जून १८६४ रोजी महाड येथे झाला. शिक्षणासाठी ते पुण्यास आले आणि संस्कृतात त्यांनी मोठे नाव मिळविले. काही वर्षे येथील महाराष्ट्र कॉलेजात ते संस्कृत शिकवीत असत. अशा विद्वानाने सुखाने अध्यापकी करावी, नाटके-कादंबऱ्या लिहाव्या आणि मान मिळवावा, असेच कोणालाही वाटले असते. परंतु तो काळ तसा नव्हता.

१८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. रोगी शोधण्यासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरत. देवघर म्हणू नये, स्वयंपाकघर म्हणू नये. बायकांच्या अब्रूचीही चाड राहिली नाही, अशी लोकांची तक्रार होती. सरकारदरबारी मात्र याच कामाचे कौतुक चालले होते. त्या वर्षी २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी सरकारने राजद्रोहाचे १२४-अ हे कलम अधिक कडक करून घेतले. सरकारविषयी द्वेष किंवा तुच्छता उत्पन्न करणे हाही आता गुन्हा ठरला.

भल्याभल्यांनी लेखणी खाली ठेवावी अशी ही वेळ. नेमक्या याच वेळी, २५ मार्च १८९८ रोजी, शिवरामपंतांनी ‘काळ’ हे साप्ताहिक पुण्यात सुरू केले.

आता प्रश्न असा, की उघड बोलण्याची बंदी असताना बोलावे कसे? शिवरामपंतांनी वक्रोक्तीची वाट धरली. ते पुराणातली कथा सांगत, इतिहासातला एखादा प्रसंग रंगवीत, कधी जुलमी राजाची पोटभर स्तुती करीत. वरवर पाहता त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नसे. परंतु वाचणाऱ्याला कोणाला उद्देशून काय चालले आहे ते बरोबर उमगे. सरकारने देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी भाषांतर करण्यासाठी स्वतंत्र कचेरी ठेवली होती. शब्दांचे भाषांतर होते, पण शब्दांआडच्या हसण्याचे कसे व्हावे? आपल्याकडे सासुरवाशिणी जात्यावर बसून घरातल्या वडिलधाऱ्यांविषयी जे बोलता येत नसे ते ओवीतून सांगत. म्हणून ही रीत आपल्याला तरी नवी वाटू नये.

१९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हाही शिवरामपंतांनी तेथे भाषण केले. वक्ते म्हणून त्यांची ख्याती लेखकाइतकीच होती.

१९०८ साली मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर ‘काळ’मध्ये आलेल्या लेखांवरून सरकारने त्यांना पकडले. त्यांच्या खटल्याच्या कामी मदत करण्यासाठी टिळक मुंबईस गेले, आणि २४ जूनला तेथेच टिळकांनाही अटक झाली. शिवरामपंतांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. टिळकांना सहा वर्षांची. टिळक मंडालेस असताना १९१२ साली सत्यभामाबाई इकडे पुण्यात वारल्या. संपादक तुरुंगात गेला की त्याचे नाव होते. मागे घर सांभाळणाऱ्या बाईचे नाव कोणी लिहून ठेवीत नाही. ते आपण तरी विसरू नये.

शिवरामपंत सुटले, पण ‘काळ’ सुटला नाही. १९१० च्या नव्या छापखाना कायद्याने वर्तमानपत्राकडून आगाऊ जामीन मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला. लेख छापायच्या आधीच दंडाची रक्कम ठेवून घ्यायची, असाच हा प्रकार! जामीन मागितला गेला आणि ‘काळ’ बंद पडला. एवढ्याने भागले नाही. ‘काळा’तील निवडक निबंधांची पुस्तकेही सरकारने जप्त केली. ती बंदी उठली १९३७ साली, प्रांतात लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आल्यावर. परंतु ते पाहायला शिवरामपंत हयात नव्हते.

१९२० साली त्यांनी ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढले, आणि धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रहात पडून साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा तुरुंग भोगला. १९२९ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला निवर्तले.

त्यांची सगळीच मते मला पटतात असे नाही. शस्त्राचा त्यांनी केलेला गौरव मला आजही खटकतो. परंतु मला न पटणारे लिहिणाऱ्याचा तोंड उघडण्याचा हक्क मी मानणार नसेन, तर तो हक्क मी मानते असे कशाला म्हणावे?

आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने मला विचारले, की ते सरकार परक्यांचे होते. आता सरकार आपले आहे, त्याला नावे कशाला ठेवायची? प्रश्न प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे, की घर आपले असते म्हणूनच गळके छप्पर आपण दाखवितो. शेजाऱ्याचे छप्पर गळले तर आपण गप्प बसतो. आणि आपले सरकारही चुकते, हे आपण पाहिलेले आहे. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसले, ते इंग्रजांनी बसविले नव्हते. पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकालाही तेव्हा झगडावे लागले. त्याच १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी भर संमेलनात लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि पुढे तुरुंगवास पत्करला. शिवरामपंतांनी भूषविलेल्या अध्यक्षपदाचा मान एका स्त्रीने असा राखला!

ज्या १२४-अ कलमाने टिळक-परांजपे तुरुंगात गेले, ते स्वातंत्र्यानंतरही आपल्या कायद्यात राहिले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबविला, आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आल्यावर ते कलम गेले. त्याऐवजी देशाच्या सार्वभौमत्वाला धोका आणणाऱ्या कृत्यांचे १५२ वे कलम आले असून त्यावरही जाणत्यांत वाद चालू आहे. कायद्याची नावे बदलतात. जागे राहण्याचे काम मात्र आपल्याकडेच राहते.

ते काम फार मोठे नाही. नळाला पाणी येत नसेल तर अर्जावर सही करताना हात आखडू नये. सरकारचे कौतुक छापून आले तर तेही वाचावे, आणि आपल्या गल्लीतल्या अनुभवाशी ताडून पाहावे. ‘काळ’ वाचणाऱ्या पुणेकरांनी त्या कठीण दिवसांत एवढेच केले होते. भगिनींनो, आपल्याला तर आडवळणाने बोलण्याचीही गरज नाही. मग सरळ बोलायला तरी का कचरावे?