साका आणि संयम : रॉबर्ट बुन्सेन यांचे चरित्र

गेल्या पावसाळ्यात आमचे कनिष्ठ चिरंजीव महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून हिरमुसले होऊन परतले. दोन तास उलटले तरी नरसाळ्यातील चिकट साका गळता गळेना, आणि प्रयोग अपुरा राहिला. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. आम्हाला बुन्सेन हे नाव ज्योतीमुळे तेवढे ठाऊक. परंतु चिरंजीवांचे सांत्वन करण्याच्या निमित्ताने त्या थोर पुरुषाचे चरित्र वाचावयास घेतले, आणि साक्याशी झुंजण्यातच त्यांचे आयुष्य वेचले गेले होते, हे पाहून आम्ही थक्क झालो.

रॉबर्ट बुन्सेन यांचा जन्म १८११ साली जर्मनीतील गटिंगेन येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात प्राध्यापक. १८३४ मध्ये, ऐन तेविशीत, त्यांनी बेर्टहोल्ड या वैद्यांच्या सहकार्याने सोमलाच्या विषावर उतारा शोधला. लोहाचा ताजा साका सोमलास बांधून अविद्राव्य करतो, हे त्यांनी दाखविले. पुढे सोमलाच्याच एका भयंकर संयुगावर काम करीत असता स्फोट होऊन त्यांचा उजवा डोळा कायमचा गेला. विषबाधेने प्राणही धोक्यात आले. तरीही ते संशोधन त्यांनी तडीस नेले.

१८५२ मध्ये ते हायडेलबर्ग येथे प्राध्यापक झाले. तेथे किर्खहोफ यांच्यासमवेत त्यांनी वर्णपटाच्या साहाय्याने १८६० मध्ये सीझियम व १८६१ मध्ये रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधून काढली. वर्णपटात निळ्या रेषा क्षणात दिसल्या खऱ्या. पण पदार्थ हाती येण्यासाठी ड्युर्कहाइम येथील सुमारे चाळीस टन खनिजजल आटवावे लागले. मग साका पाडणे, उकळत्या पाण्याने धुणे, पुन्हा गाळणे, असे पुन्हा पुन्हा करावे तेव्हा कोठे काही ग्रॅम क्षार मिळाला.

या कष्टांतूनच की काय, १८६८ मध्ये त्यांनी साका धुण्याविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. बुळबुळीत साका कागदाची छिद्रे बुजवितो व द्रव थेंबथेंब उतरतो, ही खरी अडचण. त्यांनी लांब नळीतून पाणी खाली सोडून पात्रातील हवा ओढून घेतली; मग वरच्या हवेचाच दाब द्रवास कागदातून खाली ढकलू लागला. ओढीने कागदाचे टोक फाटू नये म्हणून त्याखाली प्लॅटिनमच्या पातळ पत्र्याचा लहानसा शंकू बसविला. तासांचे काम मिनिटांवर आले, आणि साकाही जवळजवळ कोरडा मिळू लागला. पुढे १८८८ मध्ये एर्न्स्ट ब्यूखनर यांनी सपाट, सच्छिद्र तळाचे नरसाळे पुढे आणले. आजही विद्यार्थी ते वापरतात.

१८७४ मध्ये त्यांच्या मेजास आग लागून परिश्रमपूर्वक सिद्ध केलेले हस्तलिखित भस्मसात झाले. वय त्रेसष्ट, दृष्टी एकाच डोळ्याची. तरी त्यांनी सारे काम नव्याने केले, व पुढल्याच वर्षी ते प्रसिद्धही झाले. आजन्म अविवाहित राहिलेल्या या गुरूंनी आपल्या शोधांचे एकस्व घेतले नाही. १८८९ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते निवृत्त झाले. १८९९ मध्ये हायडेलबर्ग येथेच त्यांचे देहावसान झाले.

चिरंजीवांना आम्ही एवढेच सांगितले, की बाळ, साका हट्टी असतो, म्हणून माणसाने त्याहून हट्टी व्हावे. मात्र हट्टाला युक्तीची जोड द्यावी. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा प्रयोग पुरा झाला.