सालिम अली
डॉ. सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर, १८९६ - १९८७) हे मुंबईत जन्मलेले भारतीय पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण व १९७६ मध्ये पद्मविभूषण हे पुरस्कार मिळाले.

१९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. सध्याचा जालना जिल्हा तेव्हा याच संस्थानात मोडत असे. पक्ष्यांच्या नोंदींबरोबरच त्यांचे खाद्य व अधिवास यांकडेही अली यांचे लक्ष असे.

राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव पाणथळीच्या संरक्षणासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. म्हशींची चराई पक्ष्यांना घातक आहे, असे त्यांचे मत होते. १९८२ मध्ये तेथे चराईवर बंदी आली. बंदीला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात काहींचा मृत्यू झाला. चराई थांबल्यावर मात्र पास्पेलम गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी घटले आणि मासे व काही पाणपक्षी कमी झाले. म्हैस ही गवताला आवर घालणारा अन्नसाखळीतील दुवा होती, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या अली यांच्याच संस्थेच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्याचे निष्कर्ष अली यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.