डॉ. टी. आओ : मैदान आणि दवाखाना

मुलगा खेळाच्या नादी लागला की त्याचा अभ्यास बुडाला, असे पुष्कळ पालकांना वाटते. त्यांची ही काळजी अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. मैदानावर रमलेली आणि परीक्षेत मागे पडलेली मुले आम्हा शिक्षकांच्या पाहण्यात दरवर्षी येतात. पण त्यावर उपाय म्हणून चेंडू काढून घ्यावा आणि मुलाला पुस्तकापुढे बसवावे, हाच एक मार्ग आहे काय? या प्रश्नाचा विचार करताना डॉ. तालिमेरेन आओ यांचे चरित्र डोळ्यांपुढे येते. स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचे ते पहिले ऑलिंपिक कर्णधार. ते डॉक्टर होते, आणि त्यांच्या आयुष्यातील अधिक वर्षे मैदानावर नव्हे तर रोग्यांच्या सेवेत गेली.

त्यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ रोजी चांगकी या खेड्यात झाला. आजच्या नागालँड राज्यातील हा डोंगराळ मुलूख त्या वेळी आसाम प्रांतात मोडत असे. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि घरात बारा भावंडे होती. पुढे हे कुटुंब इंपूर येथील मिशनच्या वस्तीत राहावयास गेले. तेथील शाळेच्या मैदानावर आओंना फुटबॉलची गोडी लागली. खरा चेंडू मिळणे कठीण, म्हणून ही मुले चिंध्यांचा चेंडू करून अनवाणी खेळत.

पुढील शिक्षणासाठी त्यांना आसामच्या सखल भागात, जोरहाटला, मिशनच्या शाळेत पाठविण्यात आले. ते शिकत असतानाच १९३५ साली वडील विषमज्वराने म्हणजे टायफॉइडने वारले. त्या वेळी आओ सतरा वर्षांचे होते. विषमज्वरावर खात्रीचे औषध तेव्हा जगातच उपलब्ध नव्हते. ते १९४८ च्या सुमारास आले. शिवाय डोंगरातल्या खेड्यांना डॉक्टरचे दर्शनही दुर्मिळ होते. आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाने ती मनाशी घट्ट धरली.

इच्छा धरणे सोपे, पण ती पार पाडणे किती कठीण होते ते पाहा. आसामात त्या काळी वैद्यकीय पदवी देणारे कॉलेज नव्हते. दिब्रुगडचे मेडिकल कॉलेज निघाले ते १९४७ साली. त्यामुळे आओ प्रथम गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकले आणि १९४२ साली कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात दाखल झाले. हेच कॉलेज पुढे आर. जी. कर या नावाने ओळखले जाऊ लागले. चोवीस वर्षांचा हा तरुण घरापासून शेकडो मैल दूर, परक्या भाषेच्या शहरात येऊन राहिला. काळ तर विलक्षण कठीण होता. महायुद्ध चालू होते, १९४२ च्या अखेरीस कलकत्त्यावर जपानी बाँब पडले आणि १९४३ साली बंगालात भीषण दुष्काळ पडला. १९४४ साली युद्ध थेट नागा टेकड्यांत, कोहिमापर्यंत येऊन पोचले.

फुटबॉल मात्र सुटला नव्हता. गुवाहाटीला असताना ते महाराणा क्लबकडून खेळत. तेथील त्यांचे सोबती शरत दास पुढे कलकत्त्याच्या मोहन बागान या नामांकित क्लबात गेले आणि त्यांच्याच ओळखीने १९४३ साली आओंचाही त्या क्लबात प्रवेश झाला. १९११ साली अनवाणी खेळून इंग्रज पलटणीच्या संघाला हरविणारा आणि आय. एफ. ए. शील्ड जिंकणारा हा क्लब. त्याचा पोशाख अंगावर चढविणे हा बंगालात मोठा मान समजला जाई. पुढे आओ या क्लबचे कर्णधारही झाले. १९११ नंतर मोहन बागानला शील्ड पुन्हा मिळाली ती छत्तीस वर्षांनी, १९४७ साली. आओ त्या वेळी क्लबातच होते.

लहानपणी पुढच्या फळीत खेळणाऱ्या आओंना येथे बचावाची जागा मिळाली. त्या काळी संघाची मांडणी आजच्याहून निराळी असे. गोलरक्षकापुढे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ-बॅक आणि सर्वांत पुढे पाच फॉरवर्ड. तीन हाफ-बॅकांपैकी मधला खेळाडू म्हणजे संघाचा कणा. प्रतिस्पर्ध्यांच्या सेंटर फॉरवर्डला अडवावयाचे, चेंडू काढून घ्यावयाचा आणि तो आपल्या पुढच्या फळीला पुरवावयाचा, अशी त्याची दुहेरी जबाबदारी. गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो, पण चूक झाली तर बोट याच्याकडे दाखविले जाते. उंच, बळकट आणि शांत डोक्याचे आओ या जागेला शोभून दिसत.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने भरले. स्वतंत्र देश म्हणून भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक. फुटबॉल संघाचे कर्णधारपद आओंना मिळाले, आणि २९ जुलै रोजी वेंब्लीच्या मैदानावर उद्घाटनाच्या संचलनात भारताचा तिरंगा हाती धरण्याचा मानही त्यांनाच लाभला. एका दूरच्या डोंगरी खेड्यातील मुलाच्या हाती नव्या राष्ट्राचा ध्वज होता. तेव्हा ते वैद्यकाचे विद्यार्थीच होते; परीक्षा अजून पुऱ्या व्हावयाच्या होत्या.

३१ जुलै रोजी फ्रान्सशी गाठ पडली. आपले बहुतेक खेळाडू बूट न घालता खेळले, याचे इंग्लंडमधील प्रेक्षकांना मोठे नवल वाटले. गोलजाळ्यात वरदराज, मागे ताज मोहम्मद आणि शैलेन मन्ना, मधल्या फळीच्या मध्यावर आओ, आणि पुढे अहमद खान, मेवालाल, रामन अशी मंडळी होती. निरनिराळ्या प्रांतांचे, भाषांचे आणि धर्मांचे हे खेळाडू देश स्वतंत्र होऊन वर्षही झाले नसताना एक संघ म्हणून उभे राहिले. फ्रान्सने पूर्वार्धात गोल केला आणि उत्तरार्धात रामन यांनी बरोबरी साधली. भारताला दोन पेनल्टी किक मिळाल्या, पण दोन्ही वाया गेल्या. खेळ संपावयास एखादेच मिनिट उरले असता फ्रान्सने दुसरा गोल केला आणि भारत १-२ असा हरला. हरलेल्या या संघाने प्रेक्षकांचे मन मात्र जिंकले.

इंग्लंडमधील आर्सेनल या श्रीमंत क्लबने आओंना धंदेवाईक खेळाडू म्हणून खेळण्यासाठी विचारले आणि त्यांनी नकार दिला, अशी हकीगत सांगितली जाते. पुढे जे घडले ते मात्र सर्वश्रुत आहे. आओ कलकत्त्याला परतले, पुन्हा पुस्तके उघडली आणि १९५० साली एम. बी. बी. एस. झाले. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून पदवी हाती येईपर्यंत आठ वर्षे गेली होती आणि वय बत्तीस झाले होते. एक वर्ष फुकट गेले म्हणून मुलाचे शिक्षणच बंद करणाऱ्या पालकांनी या आठ वर्षांचा जरूर विचार करावा.

या निवडीची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने इराणला १-० असे हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले. त्या संघात आओ नव्हते. मैदान मागे ठेवून ते वैद्यकीच्या कामाला लागले होते.

काही काळ दिब्रुगडच्या मेडिकल कॉलेजात काम करून १९५३ साली ते कोहिमाच्या सरकारी इस्पितळात रुजू झाले. कलकत्त्यासारख्या शहरात एवढ्या नामांकित खेळाडूचा दवाखाना चांगला चालला असता. पण वडिलांची इच्छा आपल्या लोकांच्या सेवेची होती. लवकरच नागा टेकड्यांत बंडाळी आणि लष्करी कारवाई सुरू झाली. अशा अशांत मुलखात त्यांनी सरकारी डॉक्टर म्हणून वर्षानुवर्षे काम केले. १९६३ साली नागालँड हे वेगळे राज्य झाले आणि त्याचे आरोग्य सेवा संचालक म्हणून राज्यभरच्या दवाखान्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९७८ साली ते निवृत्त झाले आणि १३ सप्टेंबर १९९८ रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी निधन पावले. ईशान्येकडील राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले, आणि २०१८ साली जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले.

विद्यार्थी मित्रांनो, खेळाडूचे पाय फार वर्षे साथ देत नाहीत. आओंनाही लंडनला जाताना तीस वर्षे पुरी झाली होती. त्यापुढच्या आयुष्याला त्यांना शिक्षणाचा आधार मिळाला. म्हणून खेळा, अवश्य खेळा, पण वही-पुस्तकाशी नाते तोडू नका.

आणि पालकांना एवढीच विनंती की, मुलाच्या हातचा चेंडू हिसकावून घेण्यापूर्वी आपल्या मनातील अपेक्षा त्याच्याशी बोला. आओंच्या वडिलांनी मुलाच्या मनात एक इच्छा पेरून ठेवली होती. ती पुरी झालेली पाहण्यास ते हयात नव्हते. कलकत्त्याच्या मैदानावर किंवा लंडनच्या गर्दीत मुलावर नजर ठेवणारे कोणी नव्हते, तरीही तो वाट चुकला नाही.